तिघांमागे एक खाट

वृद्धाश्रमाच्या हिशेबनिसाला सगळे कात्री म्हणायचे. आधी पाठीमागे, मग तोंडावरही. कुणी नवा पंखा मागितला की हा स्टुलावर चढून आधी जुना उघडून बघायचा.

तो नोकरीला लागला तेव्हा संस्था गळ्यापर्यंत बुडालेली होती. संस्थापक बाई मनाने मोठ्या, दारात आलेल्या कुणालाही नाही म्हणायच्या नाहीत. शेवटी किराणावाल्याने उधारी बंद केली आणि एका हिवाळ्यात वरचा मजला रिकामा करावा लागला. तिथल्या म्हाताऱ्यांना गाडीत बसवून दुसरीकडे धाडलं. एका आजोबांना वाटलं, फिरायला नेताहेत. ते कात्रीच्या मनातून काही जाईना. मग त्याने नियम केला: पैसे भरणारे तीन असतील तरच चौथी खाट फुकट. बाईंनी आकांडतांडव केलं, पण सही केली.

संस्था सावरली. छप्पर दुरुस्त झालं, नर्सचे पगार वेळेवर होऊ लागले, बँकेत थोडी ठेवही साठली. कात्रीचं कौतुक कुणी केलं नाही. आपल्याला त्याची गरज नाही, असं तो म्हणायचा. होती.

पुढे त्याची ताई तिथे राहायला आली. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. घर विकून आलेल्या पैशांतून ती खाटेचे पैसे भरायची. काही वर्षांत ते संपले. कात्रीच्या पगारात ती खाट बसत नव्हती. फुकटच्या खाटा भरलेल्या, आणि त्यांच्यासाठी नंबर लावलेले वेगळेच.

मेट्रनने त्याला बाजूला घेऊन समजावलं की एका खाटेने आभाळ कोसळत नाही, आणि तुम्हाला कोण विचारणार आहे? त्याला मोह झाला, चांगलाच झाला. दोन दिवस तो खाटांची वही उघडायचा आणि मिटायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या खोलीत जाऊन तिचे कपडे पिशवीत भरू लागला.

"संस्था परत बुडाली का रे?" ताईने विचारलं.

"नाही ताई. चांगली चाललीय."

"मग मला का नेतोस?"

त्याने तिची चादर घडी करून पिशवीत वर ठेवली. तिला आपल्या घरी सोडून, उशाशी पाणी ठेवून तो कामावर परतला.

दुपारी त्या खाटेवर नवीन बाई आल्या. त्यांच्या मुलाने वर्षाचे पैसे आगाऊ भरले. पावती कात्रीनेच फाडली. ताई तेव्हा घरी एकटीच होती.