जावयाचं इंजिन

वाटूरच्या राधाकिसनच्या अंगणात दोन पिकअप उभ्या असत. दोन्ही पांढऱ्या, एकाच कंपनीच्या, समोरून पाहिल्या तर जुळ्या बहिणी. एक राधाकिसनची, बोकड-मेंढ्या बाजाराला न्यायची. दुसरी त्याच्या जावयाची, म्हणजे शिवशंकरची. गाव मात्र असला बारीक हिशेब ठेवत नसे. गावाच्या लेखी दोन्ही गाड्या राधाकिसनच्या, आणि शिवशंकर हा राधाकिसनचा जावई. त्याला स्वतःचं नावही आहे, हे फार तर पोस्टमनला ठाऊक असेल.

शिवशंकर मूळचा भोकरदनकडचा, पिंपळगाव रेणुकाईचा. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. सासऱ्याचा पाय मोडला तेव्हा "दोन महिने बाजार सांभाळून येतो" असं आईला सांगून तो स्वतःच्या गाडीने इकडे आला. पाय जुळला. मग सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मग त्याच्या बायकोला, शालूला, दिवस गेले, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. मग मुलगी इथल्या अंगणवाडीत रुळली. आता ती दप्तर घेऊन शाळेत जात होती आणि शिवशंकरचे दोन महिने काही संपत नव्हते.

राधाकिसनला कुणी वाईट म्हणालं, तर तो माणूस खोटं बोलतोय असं खुशाल समजावं. त्याला मुलगा नव्हता, शालू ही एकुलती एक. जावयाच्या ताटात तूप कमी पडलं तर तो बायकोवर, जयवंताबाईवर, डाफरायचा. आणि जावयाला काम सांगायचं नाही ही त्या घराची रीत त्याने एकदाही मोडली नव्हती. सकाळी बाजेवर बसून तो अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे पाहत बोलायचा, "आज परतूरचा बाजार हाये. बोकडं न्यायची राह्यलीत. आपल्याच्यानं तर होत न्हाई बापा."

लिंबाला काही गाडी चालवता येत नाही. शिवशंकर किल्ली घेऊन उठायचा.

जयवंताबाईही त्यातल्याच. "पीठ सरलं बाई," असं त्या चुलीला सांगायच्या आणि दळणाचा डबा शिवशंकरच्या वाटेत आणून ठेवायच्या. सगळं गोड, सगळं मानाचं. यातली गोम अशी की ज्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं, त्याला नाही म्हणायची सोय उरत नाही. शिवशंकर रात्रंदिवस राबत होता आणि जगाच्या दृष्टीने तो सासुरवाडीला पाहुणचार झोडत होता. कधी कधी त्याला वाटायचं, कुणीतरी आपल्याला धड एक शिवी द्यावी. निदान भांडता तरी येईल.

त्या घरात त्याचं म्हणावं असं एकच होतं, त्याची गाडी. तीही धड राहिली नव्हती. कापसाच्या ट्रॉलीने मागून धडक दिली होती, चेसिस वाकली होती, मागचा हौदा एका बाजूला बसला होता. इंजिन मात्र खणखणीत. आठवड्यातून एकदा तो ते चालू करायचा आणि नुसता स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचा. चेसिस सरळ करून देणारा जालन्यातला एक माणूस त्याने हेरून ठेवला होता. गाडी नीट झाली की शालूला आणि मुलीला पुढे बसवायचं, मागे संसार टाकायचा, गावी जाऊन स्वतःचा शेळ्यांचा धंदा सुरू करायचा. ही सफर त्याने मनात इतक्यांदा केली होती की वाटेतले गतिरोधकसुद्धा पाठ झाले होते.

त्या उन्हाळ्यात राधाकिसन एके दिवशी हौसेने स्वतःची गाडी घेऊन परतूरला गेला. रेडिएटर गळत होता. तापमानाच्या काट्याकडे पाहायचं असतं हे म्हाताऱ्याच्या गावी नव्हतं. पाण्यावाचून इंजिन तापलं, तापून जाम झालं, आणि गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आली. फाट्यावर गॅरेज असलेल्या नागसेन मिस्त्रीला बोलावलं. त्याने आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"ब्लॉकच तडकला, काका. हे इंजिन बिलकुल गेलं."

राधाकिसन बाजेवर जाऊन बसला. मग लिंबाला म्हणाला, "इकडं गाडी चांगली हाये, इंजिन न्हाई. तिकडं इंजिन चांगलं हाये, गाडी न्हाई. देवाची करामत पहा."

बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी अंगणात साखळीची कुप्पी, म्हणजे चेन-पुली, येऊन पडली, विहिरीतल्या मोटारी वर ओढायची. "शेजारच्या रामप्रसादकडं पडूनच होती, म्हणून आणून ठेवली," राधाकिसनने लिंबाला खुलासा केला.

शिवशंकरने ती कुप्पी पाहिली आणि तिचं काम ओळखलं. शालू कपडे वाळत घालत होती, तिच्याजवळ जाऊन तो उभा राहिला.

"कुप्पी पाह्यली का?"

"पाह्यली." शालूने पिळा झटकला. "मनात न्हाई तर न्हाई म्हणा ना सरळ."

"कोणाला म्हणू? मला इचारलंय का कोणी?"

"मंग मी बोलते बाबाला."

"काय बोलशील? ते म्हणतील, आम्ही कुठं मागितलं?"

शालूने पुढचा पिळा उचलला, कारण तिचा बाप अगदी हेच म्हणाला असता. तिला स्वतःला पिंपळगावला यायचंय का, हे शिवशंकरने विचारलं नाही. विचारायची त्याला भीती वाटायची.

नागसेनने म्हाताऱ्याच्या गाडीचं मेलेलं इंजिन सोडवायला घेतलं. एका माणसाचं ते काम नव्हे. शिवशंकर बाजूला उभा होता, नुसता पाना धरायला गेला. धरलेला पाना कुणी खाली ठेवतं होय? त्याने पाइप सोडवले, रेडिएटर उतरवला, तीन लाकडी बल्ल्या वर एकत्र बांधून कुप्पी टांगली. साखळी खडखडली, मेलेलं इंजिन वर आलं आणि जुन्या टायरवर जाऊन बसलं.

"दाजी," हात पुसत नागसेन म्हणाला. गावाच्या लेकीचा नवरा म्हणून सगळं गाव त्याला दाजीच म्हणायचं. "आता तुमची."

म्हाताऱ्याची गाडी बाजूला ढकलून त्यांनी दुसरी कुप्पीखाली आणली. आपल्या गाडीचं बॉनेट शिवशंकरने दुसऱ्या कुणाला काढू दिलं नाही. कुठली वायर कुठली हे कळावं म्हणून शालूच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. एकेक बोल्ट काढून वाटीत ठेवताना त्याला वाटत होतं, आपण आपलेच दात उपटतोय. शेवटचा नट गंजून अडला. अडू दे, असं त्याच्या मनात आलं. नागसेनने डिझेल सोडलं, वर दोन हातोड्या हाणल्या, नट सुटला.

त्याचं इंजिन साखळीला लटकू लागलं. मोकळी गाडी त्यांनी मागे ढकलली. आता म्हाताऱ्याची गाडी ढकलत इंजिनाखाली आणायची आणि साखळी सोडायची. शालू आणि जयवंताबाईही हात लावायला आल्या. नागसेन म्हणाला, "चला, जल्दी करा, वजन लय हाये."

शिवशंकर साखळी धरून तसाच उभा राहिला.

"मामा."

राधाकिसनने बाजेवरून मान वर केली.

"हे इंजिन कुठं बसवायचं, सांगा मला."

म्हाताऱ्याची नजर सवयीने लिंबाकडे गेली. "त्याच्यात आपण काय सांगायचं बापा, जावई हायेत, त्यांना बराबर..."

"लिंबाला नका सांगू. मला सांगा."

जयवंताबाईंनी तोंडाला पदर लावला. नागसेनला एकाएकी आपला कुठलासा पाना सापडेनासा झाला आणि तो गाडीखाली शोधू लागला. शिवशंकरने साखळी आणखी घट्ट धरली. त्याने हे नीट ठरवलं होतं. म्हाताऱ्याने एकदा स्वतःच्या तोंडाने मागितलं की त्याला उत्तर देता येणार होतं. उत्तर तयार होतं, एका शब्दाचं. त्यानंतर काय व्हायचं ते होवो, भांडण होवो, पण इंजिन पुन्हा आपल्याच गाडीत बसवायचं.

राधाकिसन उठला. जुळलेला पाय ओढत जवळ आला. इतक्या वर्षांत त्याने जावयाच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता, तो आता दिला. म्हाताऱ्याचे डोळे पाण्याने भरले होते. त्याने शिवशंकरच्या ऑईलने काळ्या झालेल्या खांद्यावर हात ठेवला.

"शिवशंकर," तो म्हणाला, "आपल्या गाडीत बसव ते. मी थकलो रे आता. ह्याच्या म्होरं तूच पहा सारं."

शिवशंकरचं तोंड उघडं होतं. तयार ठेवलेला शब्द होता तिथेच राहिला. तो सासऱ्यासाठी होता, आणि समोर उभा असलेला माणूस सासऱ्यासारखा बोलतच नव्हता. वडील गेल्यापासून त्याला खांद्यावर हात ठेवून 'तू' म्हणणारं कुणी नव्हतं. त्याने शालूकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती आणि हसत होती. इतकी मोकळी हसताना तिला त्याने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. तिला कुठे राहायचंय, हे आता विचारायची गरज उरली नाही.

"बरं," शिवशंकर म्हणाला.

म्हाताऱ्याची गाडी इंजिनाखाली आली आणि पुढचं काम सरसर झालं. गाड्या सारख्याच, प्रत्येक बोल्टला त्याचं भोक बरोबर मिळालं. ऊन कलायच्या आत गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. जयवंताबाईंनी नारळ फोडला.

"शिवशंकर, टायरची हवा पाहून घे," राधाकिसन बाजेवरून म्हणाला. "अन् उद्या ती मोडकी गाडी भंगारवाल्याला दाखव. नुस्ती जागा अडवून राह्यली."

लिंबाकडे त्याने पाहिलंही नाही. शिवशंकरने हवा पाहिली. जावई होता तोवर तो पाहुणा होता, आणि पाहुणा कधीतरी आपल्या घरी जातो. आजपासून तो या घरातला झाला होता. हे त्याने स्वतः मागून घेतलं होतं, तेही चारचौघांसमोर. आता परतीची वाट बंद होती, आणि तरी त्याला म्हाताऱ्याचा राग येईना. राग आला असता तर बरं झालं असतं.

इंजिन चालूच होतं. खिशातला फोन वाजला. पिंपळगावहून आई बोलत होती.

"गाडीचा आवाज येऊन राह्यला रे," ती आनंदाने म्हणाली. "दुरुस्त झाली काय तुझी गाडी? निघाला का इकडं?"

"न्हाई, माय," शिवशंकर म्हणाला.