मागचा माइक

आमच्या बारक्याला तुम्ही पाहिलंय, फक्त तुमच्या लक्षात नाही. त्या बँडची पोस्टरं आठवा. मधोमध हात पसरून उभा असतो तो गायक, ज्याला सगळे राजे म्हणतात. त्याच्या शेजारी केस उडवणारा गिटारवाला, मागे ड्रमवाला. आणि डाव्या कडेला, छापणाऱ्याने अर्धा कापलेला जो खांदा दिसतो ना, तो माझा सख्खा भाऊ.

माझं धुलाई-इस्त्रीचं दुकान आहे. ते पोस्टर मी मुद्दाम गल्ल्यामागे लावलंय. गिऱ्हाईक विचारतं, "यातला तुमचा भाऊ कोण?" मी त्या खांद्यावर बोट ठेवते. मग गिऱ्हाईक "अच्छा, अच्छा" म्हणतं आणि राजेंकडेच बघत राहतं. मेलं, माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

बारक्या हे लहानपणचं नाव. आता त्याच्या शर्टाची बटणं मीच सरकवून देते, इतकं पोट सुटलंय. बँडमध्ये तो जाड तारांची बेस गिटार वाजवतो आणि दुसरा आवाज गातो. दुसरा आवाज म्हणजे काय, तर गायक गात असतो ती मुख्य चाल, आणि तिच्या खालून तिला धरून चालणारी ही दुसरी. ऐकणाऱ्याला ती वेगळी कळत नाही. फक्त गाणं भरल्यासारखं वाटतं. हे त्याला मीच शिकवलं. लहानपणी आम्ही दोघं भांडी घासताना गायचो. वरची चाल माझी, खालची त्याची. का? अहो, मोठी कोण?

स्वभावही तसाच. दारातून दुसरा जाईपर्यंत हा बाजूला उभा. फोन उचलला तरी समोरचा बोलेपर्यंत गप्प. माझी भावजय दवाखान्यात नर्स आहे, तोंडाने फटकळ, माझं तिच्याशी छान जमतं. ती सांगते, "लग्नाचंसुद्धा मीच विचारलं, ताई. हा म्हणाला, मी पण तेच म्हणणार होतो."

तर झालं काय, बँडने वर्षभर सुट्टी घेतली. एवढी वर्षं एकाच गाडीतून फिरून सगळे एकमेकांना विटले होते. गिटारवाल्याने स्वतःची एक रेकॉर्ड काढली, नुसता गोंगाट. ड्रमवाल्याने शिकवणी उघडली. आणि आमचा बारक्या एके दिवशी दुकानात येऊन म्हणाला, "ताई, तुझी मागची खोली वापरू का?"

मागच्या खोलीत मी हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी टांगते. चादरींमुळे तिथे आवाज घुमत नाही, हे त्याने कधीतरी हेरून ठेवलं होतं. त्या चादरींच्या मध्ये स्टूल टाकून हा बसायचा. गिटार तोच वाजवायचा, गायचाही तोच. तो गात असला की मी वाफेची इस्त्री बंद ठेवायची, कारण तिची फुसफुस रेकॉर्डिंगमध्ये येते. धंद्याचा खोळंबा झाला, पण मी हूं की चूं केलं नाही. अहो, त्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

गाणी तयार झाली. रेकॉर्ड कंपनीच्या बाईंनी ऐकायला बोलावलं. मीही गेले, चांगली साडी नेसून. त्याला एकट्याला पाठवला असता तर तो आतल्यांचं आटपेपर्यंत बाहेरच बसला असता. बाई वागायला चांगल्या होत्या, उगाच खोटं कशाला बोला. सगळी गाणी त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. "पण काहीतरी कमी पडतंय. पाया आहे, वर घर नाही. राजेंना गाऊ द्या. ते गायले तर मी लगेच काढते."

"बघू," बारक्या म्हणाला.

त्याच्या भाषेत बघू म्हणजे हो. मला हे माहीत आहे, म्हणून मी त्याच्या पायावर पाय दिला आणि बाईंना म्हटलं, "तो एकदा लोकांसमोर गाऊन दाखवेल. मग ठरवा." बाई हसल्या आणि तयार झाल्या. शहरातला एक छोटा हॉल त्यांनीच ठरवला.

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच सुरू झाले. "गाणी तुझी आणि तोंड दुसऱ्याचं? राजेला काय, विचारलंस तर आनंदाने गाईल. मनाने चांगलाच आहे तो. पण मग रेकॉर्डवर फोटो कुणाचा? तुझा परत खांदाच ना?"

"ताई, त्या खोटं नाही बोलल्या. काहीतरी कमी आहे. मलाही ऐकू येतंय, पण सापडत नाही." मग म्हणाला, "आणि राजे गायला ना, तर मी पुन्हा कधीच पुढे उभा राहणार नाही. मी ओळखतो मला."

एवढं लांबलचक वाक्य तो स्वतःबद्दल कधी बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात काउंटरवर कोपरं टेकून आपलीच गाणी फोनवर लावून बसला. मी एका वकिलाचा पांढरा शर्ट घेतला होता. हात इस्त्रीवर, कान गाण्यात. आणि माझ्या नकळत मी गायला लागले. शब्द त्याचेच, चाल मात्र त्याच्या वरून जाणारी. भांडी घासताना गायचे तशीच. बारक्याने झटकन मान वर केली.

"काय म्हणालीस?"

"कुठे काय?"

"आत्ता काय गायलीस? परत गा!"

परत गायले. त्याने दुसरं गाणं लावलं. त्याच्यावरूनही मी तशीच सुटले. तिसऱ्याला तो दोन्ही हात डोक्यावर ठेवून हसायलाच लागला. मला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला.

"ताई, मी सगळ्या गाण्यांत दुसराच आवाज गायलोय! पहिला आवाज गायलोच नाही. कुणासाठी तरी जागा सोडून ठेवली, आणि मलाच पत्ता नाही!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. स्वतःची गाणी करायला बसला, आणि तिथेही शहाणा दुसऱ्यालाच पुढे उभा करून आला. मी त्याला शिव्या घालणार, तेवढ्यात जळका वास आला. वकिलाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा. नवा शर्ट द्यावा लागला, पण म्हटलं, जाऊ दे, स्वस्तात सुटलो.

मग सुरू झाला सराव. पहिला आवाज त्याला माहीत होता हो, पण गळा ऐकेना. दोन ओळी वर गायचा आणि तिसरीला घसरून खाली, आपल्या ओळखीच्या जागी. मी लाकडी हँगर घेऊन उभी. घसरला की टेबलावर खाड्कन. कपडे घ्यायला आलेली गिऱ्हाइकं थांबून ऐकायची, आणि पुढे पुढे तर तीच ओरडायची, "घसरला, घसरला!" भावजय ड्युटीवरून येता येता डोकवायची आणि म्हणायची, "वर राहा रे, पडलास तर मी नर्स आहे."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिथे होती. पहिल्या रांगेत कंपनीच्या बाई, त्यांच्या शेजारी राजे. त्यांनीच आणला होता.

मी स्टेजकडे पाहिलं आणि मला घामच फुटला. आवाजाची व्यवस्था बघणारा माणूस बँडचाच जुना. त्याने पुढे एक माइक लावला होता, आणि सवयीने डाव्या कडेला, मागे, बारक्याचा नेहमीचा माइकही लावून ठेवला होता. बारक्या गिटार घेऊन आला तो सरळ त्या मागच्या माइककडेच निघाला. वर्षानुवर्षांची पावलं, दुसरं काय! माझ्या हातात हँगर नव्हता. मी खुर्चीचा दांडा बुक्कीने वाजवला. खाड्कन. अख्खा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. बारक्या थांबला, हसला, वळला आणि पुढच्या माइकपाशी येऊन उभा राहिला.

आणि गायला. काय गायला हो! आवाज राजेंसारखा चकचकीत नाही, जरा जाडसर, पण खरा. एकदाही घसरला नाही. भावजयीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

शेवटच्या गाण्याआधी कंपनीच्या बाई राजेंच्या कानाशी लागल्या. बाईंच्या मनात काय होतं ते मला सांगायला नको. गाणं सुरू झालं आणि राजे उठून स्टेजवर चढला. लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. तो हात हलवत, हसत, सवयीने सरळ मधल्या माइककडे गेला.

बारक्या बाजूला झाला नाही.

आयुष्यभर दारात बाजूला उभा राहिलेला माझा भाऊ, पण त्या दिवशी जागचा हलला नाही. रागाने नाही, ठसक्याने नाही. गात होता, गातच राहिला. राजेने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. रिकामा माइक एकच होता. तो तिथे गेला.

आणि गडबडला! पहिला आवाज तर बारक्याकडे. राजे खाली जायला बघतो, तर सूर हाती लागेना, परत वरच येऊन बारक्याला धडकतो. एवढा मोठा गायक, पण दुसरा आवाज त्याने कधी गायलाच नव्हता. लोक हसायला लागले, तोही कपाळावर हात मारून हसला. मग बारक्याने मान वळवली, एक ओळ खालची चाल गाऊन त्याला दाखवली, आणि पुन्हा वर गेला. राजेने ती पकडली. तेव्हा जे गाणं उभं राहिलं ना, त्याला तोड नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाई स्टेजमागच्या खोलीत आल्या आणि बारक्याला म्हणाल्या, "असंच रेकॉर्ड करू या. तुम्ही पुढे." बारक्या चक्क "हो" म्हणाला. बघू नाही.

राजे कोपऱ्यात टॉवेलने मान पुसत बसला होता. मी जवळ गेले, म्हटलं, "काय राजे, दमलास?"

त्याने टॉवेल बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाला, "ताई, हा इतकी वर्षं हे करत होता? मला वाटायचं, माझाच आवाज भरदार आहे."