डावा अंगठा आणि जिन्यावरचा उजेड

दिनांक ११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या पाणीपुरवठा कार्यालयातील एका चावीवाल्याचा उजवा अंगठा, कोणताही अपघात न होता, मोठ्या साहेबांच्या तोंडी आदेशावरून नाहीसा झाला. त्याच क्षणी, सतरा वर्षांपूर्वी मुख्य जलवाहिनीच्या झडपेत गेलेला त्याचा डावा अंगठा जागेवर परत आला. मी या कार्यालयाच्या अभिलेख शाखेचा अधीक्षक आहे. सेवापुस्तकात 'डावा' हा शब्द माझ्याच अक्षरात आहे. सदर चमत्कार जिन्यावर टांगलेल्या छायाचित्रात घडला असून, ते काढणाऱ्या इसमाचे नाव त्याखाली ठळक छापलेले आहे. हा इसम माझा मेव्हणा.

मेव्हण्याविषयी चारचौघांत बरे बोलावे लागणे हा कोणत्याही गृहस्थाच्या आयुष्यातील कठीण प्रसंग असतो. मी तो सव्वीस वर्षे यशस्वीरीत्या टाळला. आता इलाज नाही.

हा माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. वय पन्नास, डोक्यावर केस मोजके, बोलणे त्याहून मोजके. घरात त्याला काजवा म्हणतात. लहानपणी तो पांघरुणात विजेरी घेऊन झोपे आणि मध्येच उठून बहिणींच्या चेहऱ्यावर हनुवटीखालून उजेड पाडून पाही. बहिणी किंचाळत, सासरे उठत, आणि पुढचे सांगायला नको. नाव सासऱ्यांनी ठेवले. त्यात कौतुक नव्हते. काजव्याच्या उजेडात कोणाचा अभ्यास होत नाही, एवढेच त्यांना म्हणायचे होते. निकालांनी त्यांचे म्हणणे दरवर्षी खरे केले.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन काजव्याने स्टुडिओ थाटला, त्याला तीस वर्षे झाली. तीस वर्षे त्याने पासपोर्टचे फोटो काढले. पाठ भिंतीला, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसू नका, संपले. निम्मे गाव त्याच्या हातून फरारी आरोपीसारखे दिसले आहे. अशा फोटोखाली काढणाऱ्याचे नाव येत नाही. त्यावर सही होते ती साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्याची, आणि तीही थेट गिऱ्हाइकाच्या गालावरून.

सुट्टीच्या दिवशी मात्र हा गृहस्थ दुसरेच उद्योग करी. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही वर बोलावून बसवी. एकदा त्याने समोरच्या न्हाव्याला त्याच्याच खुर्चीत, गळ्याला टॉवेल बांधून, गिऱ्हाईक म्हणून बसवले. जन्मभर दुसऱ्यांच्या माना वाकवणारा तो माणूस त्या फोटोत स्वतः मान वाकवायला घाबरलेला दिसतो. इस्त्रीवाल्या बाईचा फोटो त्याने तिच्या इस्त्रीतून उठणाऱ्या वाफेत काढला, वाफेमागे दिवा लपवून. निवृत्त परिचारिकेला नुसते खिडकीशी उभे केले आणि चादरीची घडी घालायला सांगितली. तिने चारही कोपरे काटकोनात आणले. फोटो त्या कोपऱ्यांचा आहे असे वाटते. चेहऱ्याकडे आपण नंतर जातो आणि मग तिथून हलत नाही.

त्याची सामग्री पाहून कोणालाही दया यावी. एक दिवा, दिव्यापुढे ताणलेली पांढरी चादर, थर्मोकोलचा एक तुकडा आणि एक काळी घोंगडी. फ्लॅशला तो हात लावीत नसे, म्हणजे पासपोर्ट वगळता. फ्लॅश म्हणजे थोबाडीत मारणे, आणि थोबाडीत खाल्लेला माणूस जसा दिसतो तसाच तो फोटोत दिसतो, असे त्याचे मत. दिवा जवळ आणला की सावली मऊ होते, लांब नेला की तिला धार येते. हे तो स्टुलावर उकडलेले अंडे ठेवून तपासी. तपासून झालेली अंडी वाया जाऊ नयेत म्हणून खाई. डॉक्टरांनी ज्याला प्रकाशयोजना कमी करायला सांगितली आहे असा छायाचित्रकार माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

घोंगडी कशासाठी, असे मी एकदा विचारले होते. म्हणाला, "उजेड कोणीही टाकतो भाऊजी. तो काढून घेता आला पाहिजे." घोंगडी तो चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला धरी, म्हणजे तिकडचा उजेड ती पिऊन टाकी. मी त्या वेळी हसलो होतो. सध्या हसत नाही.

मागील हिवाळ्यात कार्यालयाने ठरवले की, पंचवीस वर्षे सेवा झालेल्या नऊ कर्मचाऱ्यांची छायाचित्रे जिन्यावर लावावीत. त्या नवांत मीही होतो. छायाचित्रकार सुचवण्याचे काम माझ्याकडे आले आणि ही गोष्ट दुर्दैवाने घरी कळली. पत्नी एरवी माझ्या कार्यालयीन बाबींत लक्ष घालत नाही. त्या दिवशी तिने ताट वाढता वाढता सांगितले, "अहो, एकदा त्याचं नाव कुठंतरी लागू दे. बाकी काही मागत नाही." काजव्यानेही तेवढेच मागितले: प्रत्येक छायाचित्राखाली नाव. साहेबांनी अट लेखी मान्य केली. पत्राची प्रत माझ्या शाखेत आहे.

काजवा प्रथम जिना पाहायला आला. टेप घेऊन तो एक पूर्ण दिवस पायऱ्यांवर बसला आणि वहीत काही टिपत राहिला. त्याला लेखापरीक्षक समजून दोन शाखांनी चहा पाजला. आमच्या जिन्याला एकच खिडकी आहे, छायाचित्रांच्या भिंतीच्या डाव्या अंगाला. दिवसभर उजेड तिथूनच येतो. काजव्याने ठरवले की नऊही चेहऱ्यांवर उजेड डावीकडूनच पडावा आणि नऊही जण त्या उजेडाकडे पाहत असावेत. म्हणजे जिना चढणाऱ्याला वाटेल, ही माणसे इथेच, याच खिडकीच्या उजेडात बसली आहेत. एवढा विचार आमच्या कार्यालयात धरण बांधतानाही झाला नसावा.

चावीवाला कडक इस्त्रीचा सदरा घालून आला आणि डावा हात खिशात ठेवून बसला. काजव्याने त्याच्या हाती झडप फिरवायची लांब लोखंडी चावी दिली आणि 'दिवा लावतोय, थांबा' म्हणत वीस मिनिटे नुसता दिवा हलवत राहिला. चावी जड. दहाव्या मिनिटाला तो पोज विसरला, विसाव्याला त्याचे हात आपोआप कामाच्या पकडीत आले: डावा वर, चार बोटांचा. उजेड त्या बोटांवरून तिरका घसरत गेला. तेवढ्यात बटण दाबले गेले. फोटो पाहून चावीवाला म्हणाला, लग्नातसुद्धा आपण एवढे बरे दिसलो नव्हतो.

टंकलेखिका बाईंना सुरकुत्या नको होत्या. त्याने चादर इतकी जवळ आणली की बाई दुधात बसल्यासारख्या दिसल्या, तरी सुरकुत्या तिथेच, फक्त भांडत नव्हत्या. मी गंभीर मुद्रा करून बसलो. "भाऊजी, तुम्ही रागावलेले शोभता," तो म्हणाला, "पण कशावर ते दिसलं पाहिजे." त्याने मला हरवलेल्या एका नस्तीविषयी, म्हणजे फायलीविषयी, विचारले. मी अकरा मिनिटे बोललो. त्या अकरा मिनिटांतला सातवे मिनिट माझ्या छायाचित्रात आहे. ती नस्ती ज्याने हरवली तो त्या छायाचित्रासमोर उभा राहू शकत नाही.

हे सर्व साहेबांकडे गेले. साहेबांची खोली जिन्याच्या वर, उजव्या अंगाला आहे. नऊही कर्मचारी खिडकीकडे तोंड करून, म्हणजेच साहेबांच्या खोलीकडे पाठ करून बसलेले पाहून साहेब अस्वस्थ झाले. कर्मचाऱ्याची दृष्टी प्रशासनाकडे हवी, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी संगणक चालकाला बोलावून सगळी छायाचित्रे आरशात पाहिल्यासारखी उलटी करायला लावली. शिवाय अर्धा चेहरा काळोखात ठेवणारे लोक पगार मात्र पूर्ण चेहऱ्याचा घेतात, असा विनोद करून सावल्याही पुसायला सांगितल्या. संगणक चालक आज्ञाधारक. त्याने सावल्यांबरोबर बाईंच्या सुरकुत्या आणि माझा रागही पुसला.

म्हणून ११ फेब्रुवारीला पडदा सरला तेव्हा आम्ही नऊ जण चुना लावल्यासारखे चकचकीत, साहेबांच्या दाराकडे आशेने पाहत टांगलेले होतो. बाईंचे घड्याळ उजव्या मनगटावर गेले होते. माझा भांग दुसऱ्या बाजूला गेल्याने मी हुबेहूब माझ्या धाकट्या भावासारखा दिसत होतो, ज्याच्याशी माझे पटत नाही. चावीवाला पुढे झाला, छायाचित्र पाहिले, मग स्वतःचा उजवा हात वर करून पाहिला आणि मला हळूच विचारले, "साहेब, माझा हा कधी गेला?"

काजव्याने तिन्ही बहिणींना बोलावले होते. त्या छायाचित्रांखालचे नाव वाचत होत्या. पत्नीने तर त्यावरून बोट फिरवले. काजवा खिडकीकडे पाहत होता. खरा उजेड डावीकडून येत होता आणि नऊ चेहऱ्यांवरचा, पुसापुशीतून उरलेला, उजवीकडून पडला होता, जणू इमारतीत दोन सूर्य उगवले होते. बहिणी पायऱ्या उतरल्यावर तो मला म्हणाला, "फोटो सुलटे करा, नाहीतर माझं नाव काढा. हे मी केलेलं नाही."

मी साहेबांना भेटलो. चेहरे तेच आहेत, फक्त तोंड फिरले आहे, आणि नावाची अट तर अक्षरशः पाळली आहे, असे त्यांनी शांतपणे समजावले. "नाव हवं होतं ना त्याला? दिलं की," ते म्हणाले. मग मी लेखी निवेदने दिली. पहिल्यावर 'नोंद घेतली' असा शेरा आला. दुसऱ्यात मी सेवापुस्तकाचा आधार घेऊन अंगठ्याचा मुद्दा काढला, तर प्रकरण वैद्यकीय शाखेकडे वर्ग झाले. वैद्यकीय शाखेने चावीवाल्यालाच बोलावले आणि उजवा अंगठा अस्तित्वात असल्याचा दाखला आणायला सांगितला. त्याने रीतसर अर्ज केला. सहीच्या जागी त्याच अंगठ्याचा ठसा दिला. अर्ज पुराव्याअभावी प्रलंबित आहे.

इकडे काजवा. सात आठवडे झाले, चादर घडी करून ठेवली आहे आणि घोंगडी सायकलवाल्याला देऊन टाकली आहे. न्हाव्याने स्वतःहून वर जाऊन सांगितले की आपल्या मुलीला बसवायचे आहे. काजव्याने तिला भिंतीला पाठ लावून बसवले, दोन्ही कान तपासले आणि फ्लॅश मारला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याचे नाव कुठेतरी लागले, आणि ज्या दिवशी लागले त्या दिवसापासून तो ते काम करीत नाही. पत्नी ताट वाढते आणि आत जाते.

नऊही मूळ छायाचित्रे माझ्याकडे आहेत. ती मी अभिलेख शाखेत, माझ्या अधिकारात, खिडकीच्या उजव्या हाताला, मोजून लावली आहेत. या कृत्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे. कारणे भिंतीवर आहेत.

वाचकहो, आमचे कार्यालय सार्वजनिक आहे आणि जिना चढण्यास कोणाची परवानगी लागत नाही. कोणत्याही कामाच्या दिवशी दहा ते पाच या वेळेत या. आधी जिन्यावरचे पाहा, मग माझ्या शाखेतले पाहा. त्यानंतर खाली आवक खिडकीवर आपल्या स्वाक्षरीने एक अर्ज द्या: जिन्यावरची छायाचित्रे मूळ स्वरूपात लावा, नाहीतर त्यांखालचे नाव काढा. पोच घेतल्याशिवाय जाऊ नका.