घरमालकाची भूमिका

नव्वदच्या दशकात मी रबाळ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. तिथले एक फिटर साताऱ्याकडचे. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, कारण कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी दरवर्षी विनोदी नाटक लिहायचे तेच, बसवायचे तेच आणि मुख्य कामही तेच करायचे. त्यांची उजवी भुवई हळूहळू वर चढायला लागली, की अख्खा हॉल हसत सुटायचा. मी त्यांच्या नाटकांत डोळ्यांना पदर लावणारी सून. सलग तीन वर्षं रडले.

चौथ्या वर्षी त्यांनी एका खडूस घरमालकाचं नाटक लिहिलं. प्रयोगाला महिना उरला असताना मास्तर सकाळी उठले, तर उजवा अर्धा चेहरा लुळा पडलेला. डोळा मिटेना, चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायचा. डॉक्टर म्हणाले, येईल पूर्ववत, पण काही महिने लागतील.

सुट्टीच्या दिवशी मी कोपरखैरण्याला त्यांच्या घरी गेले. धीर द्यायला म्हणून बोलून गेले, "मास्तर, असेच उभे राहा की स्टेजवर. लोक हसतीलच."

तोंडावरचा रुमाल न काढता ते म्हणाले, "तेच नको ना ताई. मी हसवलं म्हणून हसावं. तोंड वाकडं झालं म्हणून न्हाई."

मला कुठे बघावं कळेना. त्यांनीच नाटकाची वही माझ्यापुढे सरकवली. घरमालक खोडून सगळीकडे घरमालकीण केलं होतं.

"मला फक्त रडता येतं," मी म्हटलं.

"रडताना तुमी थांबता कुठं, ते मी बघितलंय. हसवायलाबी तेवढंच लागतंय."

मग रोज ड्यूटी सुटल्यावर त्यांच्याच घरात तालीम. ती भुवई काही मला जमेना आणि त्यांना करून दाखवता येईना. शेवटी वैतागून त्यांनी स्वतःची भुवई बोटानं वर ढकलली आणि तशीच धरून ठेवली. वहिनी भाजी निवडत होत्या. त्या आधी फिस्सकन हसल्या, मग घाबरून गप्प झाल्या. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले आणि वाकड्या तोंडानं हसायला लागले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. वहिनींनी डोळे पुसले ते हसून की कशानं, मी विचारलं नाही.

प्रयोग वाशीच्या एका शाळेत झाला. मास्तर विंगेत वही घेऊन बसलेले. पहिला हशा आला तसं घाबरून मी पुढचं वाक्य बोलून टाकलं; ते कुणालाच ऐकू गेलं नाही. विंगेकडे पाहिलं, तर त्यांनी पंजा दाखवला: थांबा. पुढच्या हशाला मी थांबले. तो ओसरेपर्यंत नुसती भाडेकरूकडे बघत राहिले आणि त्या बघण्यालाच लोक पुन्हा हसले. आयुष्यात एवढं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत मास्तरांचा चेहरा बराचसा सुधारला. मी वही परत द्यायला गेले, तर घेईनात. पुढच्या वर्षी त्यांनी नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक लिहिलं, आम्हा दोघांसाठी. वाचून पाहिलं, तर सगळी हशाची वाक्यं बायकोला होती.

"आणि तुम्हाला काय ठेवलंत?" मी विचारलं.

"ऐकून घ्यायचं," मास्तर म्हणाले. "तेच जास्त अवघड असतंय."