भुजंगरावांची फ्लेक्सवरची कावीळ

जळकोटच्या बसस्टँडसमोर शिवमूर्ती नावाच्या माणसाचं फ्लेक्सचं दुकान आहे. फ्लेक्सवर कुणाच्या तोंडावर किती उजेड पाडायचा, हे गेली चार वर्षं तिथं सिंधुअक्का ठरवते. वय पंचेचाळीस, शिक्षण सातवी. आधी ती साड्यांना फॉल-पिको करायची. पाच पिवळी रिळं पुढं टाकली तर हळदीचं कोणतं, लिंबाचं कोणतं, शेवंतीचं कोणतं, ते बोट ठेवून सांगायची. दुकानात ती फ्लेक्सच्या कडा चिकटवायला आली होती. पण डिझाइन करणारा सत्यम नांदेडला नोकरीला गेला आणि शिवमूर्तीनं तिलाच खुर्चीवर बसवलं.

"अक्का, ही उजेडाची पट्टी, ही रंगाची. उजवीकडं ओढलं की वाढतंय, डावीकडं ओढलं की कमी. बास."

"मशीनपेक्षा सोपं हाय की," अक्का म्हणाली आणि तिनं पहिलंच काम बिघडवलं.

रामलिंग मास्तर वारले होते. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर उजेड एवढा चढला की मास्तर वरातीला निघाल्यासारखे दिसायला लागले. घरचे भांडायला येणार म्हणून अक्का मागच्या खोलीत दडून बसली. मास्तरांची बायको आली खरी, पण डोळ्याला पदर लावून म्हणाली, "जित्तेपणी एवढं तेज कधी आलं न्हाई बघा. घरात लावायला अजून एक काढून द्या."

तिचं समाधान झालं, अक्काचं नाही. नाकाखालची सावली पुसली की नाकच जातं, हे तिला त्या दिवशी कळलं. मग रोज दुपारी ती घरच्यांचे फोटो घेऊन बसायची. नवऱ्याला गोरा केला, काळा केला, म्हशीला गुलाबी केली. सहा महिन्यांत हात बसला.

अशात एके दिवशी भुजंगराव आले. पंचायत समितीला उभं राहायचं बारा वर्षांपासून ठरवत असलेला हा माणूस.

"ए बाई, मालक कुठंय?"

"उदगीरला गेलेत. मला सांगा."

"तुला काय कळतंय? बरं, ऐक. माझा वाढदिवस हाय. मधी मी, खाली पन्नास पोरं. मी लई उजळ पाहिजे, बाकीच्यांना दाब. आन् डोळे उघडे ठेवून कर, हे काय पिको न्हवं."

अक्कानं पडद्यावर फोटो उघडला. पोरं होती तशी ठेवली. भुजंगरावांना उजळवलं. मग रंगाची पट्टी केसभर, अगदी केसभर, पिवळ्याकडं सरकवली. डोळ्यांच्या पांढऱ्यात जरा जास्त. कॉम्प्युटरवर ते कळत नव्हतं. चौकात पंधरा फुटांच्या फ्लेक्सवर ऊन पडलं, तेव्हा कळलं.

पहिल्यांदा चहावाला म्हणाला, "राव, डोळे दाखवून घ्या." दुपारपर्यंत आणखी चौघांनी विचारलं. घरी बायकोनं, महानंदावहिनींनी, त्यांना अंगणात उभं करून पापण्या ओढून बघितल्या. तेल-तिखट बंद झालं. गळ्यात काविळीची माळ पडली. तिसऱ्या दिवशी भुजंगराव उदगीरला गेले आणि रक्त तपासून आले. कावीळ नव्हती. साखर मात्र निघाली, आणि ती भरपूर.

हे कळल्यावर अक्काला घास गोड लागेना. दुसऱ्या दिवशी भुजंगराव दारात दिसले तशी ती शिव्या खायच्या तयारीनं उभी राहिली. त्यांनी हात जोडले.

"बाई, तुमच्या फ्लेक्सनं आजार धरला!"

त्यांच्या मागं दोघं उभे होते. "आमचाबी फोटो काढा. मुतखडा दिसतोय का बघा."

"हा दवाखाना न्हाई," म्हणत अक्कानं त्या दोघांना वाटेला लावलं आणि खरं सांगून टाकलं. "राव, मीच पिवळं केलतं तुमाला. पिकोवरून बोललात, राग आला. चुकलं माझं."

भुजंगराव हसले. "तुमी काय करताय पिवळं! फोटो कधी खोटं बोलतोय का?"

माफी गेली वाया, आणि वर कसबही कुणी मानेना. अक्कानं त्यांचा फोटो उघडला. हिरवा केला. निळा केला. विटेसारखा लाल केला. मग हळूहळू मागं आणून थांबवला: उन्हानं रापलेला, सावळा, नाकाखाली नीट सावली असलेला.

भुजंगराव स्टुलावर बसले. पडद्याजवळ तोंड नेऊन त्यांनी स्वतःच्या गालावरून हात फिरवला. आता गिऱ्हाईक गेलं, असं समजून शिवमूर्तीनं आतून डोकावून कपाळाला हात लावला.

भुजंगरावांनी दाराकडं बघून आवाज खाली आणला. "अक्का, त्या वैजनाथचे फ्लेक्सबी इथंच होतेत न्हवं?" वैजनाथ म्हणजे त्यांचा जुना विरोधक.

"होतेत की."

"मग त्याला जरा... मूळव्याध झाल्यासारखं दिसंल, असं काही करता येतंय का?"

"ती तोंडावर दिसत न्हाई, राव!" म्हणत अक्का एवढी हसली की चष्मा कीबोर्डवर पडला. भुजंगरावही मग पोट धरून हसले, आणि शिवमूर्तीनं बिनसाखरेचा चहा सांगितला.