बार्शीचा नळ

माझं दुकान वाचवलं ते आमच्या वॉलमन काकांनी. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं सांगताना माझा गोंधळ होणार, आणि आठवीतून शाळा सोडलेल्या बाईचं लिखाण कुणी अर्ध्यात ठेवून दिलं तरी उपकार कुणाचे ते वाचलेलं असावं. अख्ख्या अमेरिकेत वाया जाणाऱ्या पाण्याचं दुःख एकट्यानं वाहणारा माणूस कुणी असेल तर ते हे काका. खानदेशातल्या एका नगरपालिकेत त्यांनी चौतीस वर्षं पाणी सोडलं. कुठल्या गल्लीला किती वाजता, किती वेळ, हे गावात फक्त त्यांना ठाऊक. कमरेएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे निघायचे, रस्त्यातलं झाकण उचलून वॉल फिरवायचे आणि पुढे जायचे. आमदार पाच वर्षांनी बदलायचा, पण वॉलमन कधी बदलला नाही, हे ते स्वतःच सांगत. सांगताना डोळे मिटून घेत.

मुलगा-सून इथे मॉरिसव्हिलला कॉम्प्युटरवाले. त्यांनी काकांना सहा महिने आणलं, आणि सून म्हणाली, बाबा, आता आराम करा. आराम म्हणजे काय ते काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. आल्याच्या चौथ्या दिवशी पाऊस पडत असताना सोसायटीच्या हिरवळीवर फवारे चालू दिसले. काका छत्री घेऊन बाहेर गेले, पंधरा मिनिटांत त्याचा वॉल शोधून काढला आणि बंद केला. आठवडाभरानं सोसायटीचं घरी पत्र आलं, मुलानं माफी मागितली, काकांनी नाही. "पावसात पाणी घालणाऱ्यानं माझी माफी मागावी," म्हणाले. कुणाच्या घरी जेवायला बोलावलं तर आधी भिंतीला कान लावत. एकांच्या मुंजीत भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि काका वरच्या मजल्यावर. खाली येऊन यजमानांच्या कानात सांगितलं, "तुमचा डाव्या हाताचा संडास रात्रंदिवस रडतोय." आणि ते खरं निघालं. यजमान पुढे महिनाभर पाण्याचं कमी आलेलं बिल दाखवत हिंडत होते.

आता माझं. माझा नवरा इथल्या एका हॉटेलात आचारी. मी एका लहान प्लाझाच्या कोपऱ्यात, केस कापायच्या दुकानाशेजारी, शिवणाचं दुकान टाकलं. साडीला फॉल-पिको, ब्लाउज, पँट आखूड करणं, लग्नाचे गाऊन आवळणं. हातात कला होती पण गिऱ्हाईक नव्हतं. तेव्हा कुणीतरी सुचवलं की इंटरनेटवर जाहिरात दे. लोक फोनवर शिंपी शोधतात तेव्हा तुझं दुकान सगळ्यांत वर दिसेल. नुसतं दिसलं तर पैसे नाहीत, पण कुणी बोट लावलं की कंपनी आपल्याकडून पैसे घेते. मला वाटलं, बरंच की, बोट लावलं म्हणजे येणारच. आमच्याकडे दुकानाची पायरी चढलेली बाई रिकाम्या हातानं कुठे जाते?

पण इथे जात होती. रोज पंधरा-वीस बोटं लागायची आणि दारात एखादंच माणूस. दुपारी दोनलाच दिवसाचा ठरवलेला पैसा संपायचा आणि जाहिरात आपोआप गुप्त व्हायची. मी मशीनवर बसलेली असायची, पण लक्ष फोनकडे. आकडा वाढला की टाका चुकायचा. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती, कारण दुकानात त्याची बचत होती. भाड्याचा करार ऑगस्टात संपणार होता. तोवर जम बसला नाही तर मशीन परत घरातल्या कपाटात, आणि मी त्याच्या बाजूला.

काका दुकानात आले ते पँटचा खिसा खोल करून घ्यायला. त्यांची वही त्यात उभी राहत नव्हती. मी माप घेता घेता फोन वाजला. जाहिरातवाल्यांचा माणूस इंग्रजीत काहीतरी समजावत होता, मी "ओके, ओके" म्हणत होते आणि माझे डोळे भरले होते. काका म्हणाले, "काय म्हणतोय?"

"म्हणतोय, बजेट वाढवा."

"म्हणजे प्रेशर वाढवा म्हणतोय." काकांनी खिशाचं विसरून स्टूल ओढलं. "पोरी, पाइपला भोकं असताना प्रेशर वाढवलं की रस्ता भिजतो. घागर नाही भरत. आधी भोकं दाखव."

मी म्हटलं, काका, हे पाणी नाही, हे इंटरनेट आहे. काका म्हणाले, "एका टोकाला टाकी आहे ना? दुसऱ्या टोकाला घागर आहे ना? मग मधे काय आहे ते मला शिकवू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून काका रोज सकाळी नवाला हजर. सुनेचा जुना लॅपटॉप, आखलेली वही, आणि कानावर पेन्सिल. इंग्रजी त्यांना पाइपाच्या कॅटलॉगापुरतं येत होतं, पण अक्षर अक्षर लावून वाचायचे आणि अडलं तर सुनेला ऑफिसात फोन. ती बिचारी मीटिंगमध्ये. "बाबा, मी नंतर करते कॉल, प्लीज." "कर, पण एवढं सांग, 'फ्री पॅटर्न' म्हणजे काय?" लोक काय शोधताना माझ्या जाहिरातीवर येतात त्याची यादी मिळते, हे त्यांनी तिसऱ्या दिवशी शोधलं. ती यादी मला नीट वाचवेना, इतका राग आला. कुणाला शिवणाचं मशीन दुरुस्त करून हवं होतं, कुणाला शिवणाची नोकरी, कुणाला फुकटात कापायचे कागदी नमुने, तेच ते 'फ्री पॅटर्न'. एका माणसाला म्हणे कुत्र्याचा स्वेटर विणायला शिकायचं होतं. ही सगळी मंडळी माझ्या पैशानं माझ्या दारावरून फिरून गेली होती.

"बूच मार," काका म्हणाले. नको असलेले शब्द लिहून ठेवायची जागा असते. तो शब्द शोधणाऱ्याला आपली जाहिरात दिसतच नाही. काकांनी वहीत त्या पानाला 'बुचं' असं शीर्षक दिलं आणि रोज दहा-दहा बुचं मारली. मग पाण्याची वेळ बांधली. रविवारी दुपारी बायका लग्नाचे कपडे काढून बघतात आणि अंगात बसत नाहीत म्हणून शिंपी शोधतात, तेव्हा वॉल पूर्ण खुला. एरवी अर्धा. दुकान बंद असताना ठणठणीत बंद. "घागर घेऊन कुणी उभं नाही तेव्हा पाणी सोडणारा वॉलमन घरी बसवावा," हे त्यांचं वाक्य मी मशीनवर चिकटवून ठेवलंय.

तरी गळती उरलीच. सकाळी ठरावीक वेळेला सात-आठ बोटं, आणि ती माणसं दोन सेकंदांत परत. काका वहीत बघत बसले. भिंतीला कान लावायचे तसा चेहरा. "ही ओळखीची माणसं आहेत," म्हणाले. मला हसू आलं. पण त्याच शनिवारी हळदीकुंकवाला शेजारच्या काकू अगदी प्रेमानं म्हणाल्या, "अगं, आम्ही सगळ्याजणी रोज सकाळी चहा पिताना तुझी जाहिरात शोधून क्लिक करतो हं! ग्रुपवर ठरवलंच आहे. तेवढाच सपोर्ट!" मी हळदीची कोयरी खाली ठेवली. त्यांच्या मनात माया होती. काका बाहेर चपलांपाशी उभे होते. ते आत आले, बायकांच्या मधोमध, आणि हात जोडून म्हणाले, "ज्यांचं हिच्यावर प्रेम आहे त्यांनी कृपा करून हिच्या जाहिरातीला हात लावू नका. प्रेम फार झालं असेल तर ब्लाउज शिवायला टाका." मग ज्या हसल्या बायका! त्या आठवड्यात अकरा ब्लाउज आले.

जुलैपर्यंत दिवसाला पाच-सहा बोटं लागायची आणि त्यातली तीन-चार माणसं दारात यायची. मी फोन उलटा ठेवून शिवायला शिकले. काकांच्या वहीत मात्र एक नोंद रोज लाल पेन्सिलीनं. सकाळी साडेनऊ. रोज एक बोट. इथलं नाही, भारतातलं. मॉरिसव्हिलचा शिंपी कुणी कुठूनही शोधला तरी जाहिरात दाखवायची अशी खूण सुरुवातीला पडली होती, ती तशीच राहिली होती. काका म्हणाले, "साता समुद्रापलीकडे आपल्या पाइपला कुणीतरी तोटी बसवलीय." आणि एका बटणानं अमेरिकेबाहेरचा सगळा वॉल बंद केला. वहीत लिहिलं, 'गळती शून्य'. त्या दिवशी त्यांनी सफारी घातलेल्या साहेबासारखे हात मागे बांधून प्लाझाला एक फेरी मारली. सफारीचं त्यांना फार कौतुक. "आम्हाला खाकी. सफारी फक्त इंजिनीयर साहेबांना," असं एकदा म्हणाले होते, कापडाच्या ताग्यावरून हात फिरवत.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन. एरवी तिचा फोन रविवारी असतो, म्हणून मी मशीन थांबवून लगेच उचलला. "दुकान बंद केलंस का गं? भाड्याचं काही झालं का? मला सांगत का नाहीस?"

मी म्हटलं, आई, दुकानातच बसलेय. तुला कुणी सांगितलं?

"दिसत नाही ना! शेजारच्या शिक्षकबाईंनी मला फोनमध्ये लिहून दिलंय. दिवेलागणीला देवापाशी दिवा लावला की मी ते दाबते. वर तुझा फोटो येतो, गळ्यात टेप घातलेला. तो दाबला की मोठा होतो. दोन दिवस झाले, भलतंच काहीतरी येतंय."

बार्शीत संध्याकाळचे सात म्हणजे इथले सकाळचे साडेनऊ. मी दुकानाच्या दारावरची पाटी उलटी करून 'चालू' करते ती वेळ.

मी म्हटलं, "आई, रोज तोच फोटो असतो की."

"असू दे. देवाचा तरी रोज बदलतो का?"

"मी पाठवते ना फोनवर, छापून ठेव."

"फोटो आहेत माझ्याकडे. दुकान चालू आहे का ते बघते मी. वर आलीस म्हणजे चालू."

फोन स्पीकरवर होता. काका ऐकत होते. आठ वर्षं मी आईला बघितलेलं नाही. आमचे इथे राहायच्या परवान्याचे कागद सरकारी टेबलावर आहेत, आणि देशाबाहेर पडलात तर परत आत येता येईल याची हमी वकील देत नाही. हे काकांना मी कधी सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरज पडली नाही. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, वही उघडली, 'गळती शून्य' खोडलं. ज्या माणसानं कुणाच्या मुंजीतही संडासाची गळती सोडली नाही, त्यानं स्वतःच्या हातानं लॅपटॉपवर एकट्या बार्शीपुरता वॉल पुन्हा उघडला, चोवीस तास.

"काका, नको. मी आईला समजावते. ही गळतीच आहे ना?"

"गळती नाही." ते माझ्याकडे बघत नव्हते. "प्रत्येक गावात एक सार्वजनिक नळ असतो. त्याला मीटर लावायचं नसतं. चौतीस वर्षांत मी तो एका दिवसासाठीही बंद केला नाही, आणि इथे येऊन केला. आईला सांग, वॉलमनची चूक झाली."

मी तसंच सांगितलं. आई म्हणाली, "कोण वॉलमन? तिकडे पण पाणी दिवसाआड येतं का?"

ऑगस्टात करार पुढे वाढला. सही करताना काका शेजारी उभे होते, आणि मी सही करेपर्यंत मालकाच्या भिंतीला कान लावून झाला होता. सप्टेंबरात त्यांचे सहा महिने भरले. मी पैशाचं पाकीट पुढे केलं तर म्हणाले, "पेन्शन घेणारा माणूस आहे मी." खोल खिशाची पँट तेवढी घेतली. विमानतळावर सून रडली. मला वाटतं त्यामागं तिचं पाणी बिल आता वाढणार हेही असेल, पण खरी रडली. मी दुकानात परत आले तर स्टूल तिथेच, वहीवर पेन्सिल ठेवलेली. वही मला ठेवून गेले. पहिल्या पानावर 'बुचं', शेवटच्या पानावर एकच ओळ: बार्शी, रोज, बंद करू नये.

नोव्हेंबरातला एक सोमवार. साडेनऊ झाले, दहा झाले, जाहिरातीच्या तासवार हिशेबात बार्शीच्या नावापुढे नवाच्या खान्यात शून्य. पुन्हा पाहिलं, शून्यच. आईला फोन लावायचा धीर होईना, कुणी दुसऱ्यानं उचलला तर? काकांना लावला. तिकडे जेवणं चालू होती, मागे भांडी वाजत होती. मी रडतच सांगितलं. काकांनी शांतपणे विचारलं, "काल तुमच्याकडे घड्याळं मागं केली ना? आठाच्या खान्यात बघ."

आठाच्या खान्यात एक होता. बार्शीचा.

"घड्याळ तुमचं मागं गेलं, पोरी. तिचा दिवा नाही गेला," काका म्हणाले आणि पुढच्या श्वासात, "तुझ्या मागं कुठेतरी पाणी टपकतंय. बघ ते आधी." बघितलं. बेसिनचा नळ खरंच टपकत होता.

आता थंडीत मी दुकान एक तास लवकर उघडते. गिऱ्हाईक कुणी नसतं साडेआठला. पाटी उलटी करते आणि दारापाशी जरा उभी राहते, गळ्यात टेप घालून.

काका, कागद एक दिवस येतील. आधी बार्शीला उतरेन, हे तुम्ही समजून घ्याल. तिथून दुसऱ्या दिवशी तुमच्या गावी. तुम्ही ताठ उभे राहायचं, हात सैल सोडायचे आणि "राहू दे पोरी" म्हणायचं नाही. माप मी स्वतः घेणार. राखाडी कापड आणून ठेवलंय, चांगल्यातलं, सफारीचं. चार खिसे, आणि उजवा खालचा वही उभी मावेल इतका खोल.