आबांचा आवाज

क्रांतीचे वडील सुभेदार हंबीरराव सैन्यात होते; ती त्यांना आबा म्हणे. छावणीच्या गोल्फ मैदानाची देखभाल त्यांच्याकडं असायची, त्यामुळं पोरगी लहानपणापासून तिथंच खेळली. निवृत्त होऊन ते पलूसला परतले, तरी तिनं खेळ सोडला नाही. विश्रामबागेतल्या एका शाळेत ती खेळ शिकवायची आणि सुट्ट्या काढून पुण्याला स्पर्धेला जायची. लांबचे फटके ती जोरकस मारी. घात व्हायचा तो चेंडू ज्यात पाडायचा त्या भोकाजवळ. हाताच्या अंतरावरचा चेंडू नुसता ढकलायचा, आणि नेमकी तेव्हाच तिची मनगटं आवळायची.

गेल्या हिवाळ्यात शेवटच्या भोकावर असंच झालं. चेंडू काठावरून निसटला आणि तिनं हातातली काठी तळ्यात भिरकावली. आयोजकांनी तिला बाद केलं. आबा सोबत आले होते; परतताना सातारा आला तरी त्यांचं तोंड थांबेना. हात न्हाईत, लाकडं हायत. पोरगा असता तर नाव काढलं असतं.

हे ती शाळेत असल्यापासून ऐकत आली होती. त्या दिवशी गाडीत तिला कळलं, की चेंडूवर वाकलं की कानात घुमतो तो हाच आवाज. संतापानं तिला रडूही येईना.

घरामागचं खळं तिनं सारवून गुळगुळीत केलं, मधोमध एक डबा पुरला आणि आबांना बोलावलं.

"हितं उभं ऱ्हावा. मी चेंडू ढकलताना बोला. आजवर जे बोललासा, ते समदं."

आबा हसले. बोलणं त्यांना जड नव्हतंच. चेंडू डब्याला वळसा घालून जात राहिला. क्रांती दात आवळून राग दाबू बघायची, तसे हात आणखी ताठ व्हायचे. मग तिनं दाबणं सोडलं. राग छातीत पेटू द्यायचा, नजर चेंडूवर ठेवायची, श्वास सोडायचा आणि बोटं सैल करून ढकलायचं. रोज शाळेतून आल्यावर हेच. हळूहळू शिव्या चालू असतानाच चेंडू डब्यात पडू लागला.

एका संध्याकाळी आबा मध्येच थांबले. "बास कर आता. मला न्हाई बोलवत."

"मला ऐकवत व्हतं व्हय? बोला."

ते पुन्हा बोलले, खाली मान घालून. चेंडू पडला.

पुढच्या स्पर्धेत शेवटच्या भोकावर राग उसळला, नेहमीसारखाच. हात मात्र सैल राहिले. तिचा तिसरा नंबर आला.

शेजारी अभिनंदनाला जमले. आबा मिशीवर हात फिरवत सांगू लागले, "बोलून बोलून मीच घडवली हिला."

क्रांती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तो खाली ठेवून सगळ्यांदेखत म्हणाली, "आबांनी मोडलं व्हतं. घडवलं माझं मी."

माणसं चहा संपवून उठली. आबा ओसरीवर तसेच बसून राहिले. क्रांतीला वाईट वाटलं नाही.